शिदोबाचे सहा डबे

१

पद्मावती मगदूम बाईंची सकाळ चहाने सुरू होत नसे, हजेरीने होत असे. सांगलीच्या घरात खिडकीपाशी त्यांचा वायरलेस सेट होता. गॅस पेटायच्या आधी सेट लागायचा आणि "सुप्रभात, कोण कोण आहे?" अशी हाक हवेत जायची. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवताना पोरांची हजेरी घेतली, आता निवृत्तीनंतर हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांची. खोड म्हणतात ती हीच.

त्या शुक्रवारी हाकेला उत्तर आलं नाही. बटण सोडलं की शिदोबाच्या डोंगरावरून 'टुक्' असा बारीक आवाज यायचा, तोही नाही. बाईंनी पुन्हा हाक दिली. नुसती खरखर.

शिदोबाच्या डोंगराचं एक पाऊल साताऱ्यात आणि दुसरं सांगलीत. त्याच्या माथ्यावर, देवळाशेजारच्या खोलीत, या मंडळींचा रिपीटर होता. खालच्यांचा क्षीण आवाज उंचावरून ऐकायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने पुढे सांगायचा, एवढंच त्याचं काम. पण महापुरात मोबाइलचे मनोरे माना टाकतात तेव्हा हेच एवढंसं काम डोंगराएवढं होतं. मागच्या महापुरात बाईंची थोरली बहीण चंदनाअक्का कृष्णाकाठच्या गावात माडीवर अडकली होती, दम्याचं औषध संपलेलं. गावातल्या एका हॅमने हातातल्या सेटवरून हाक मारली, ती डोंगराने उचलली आणि त्या हाकेवर बोट गेली. अक्का अजून त्याच घरात राहते. "नदी माझी शेजारीण हाय, शेजारणीला भिऊन घर सोडतात व्हय?" म्हणते. तिच्यापुढे कोण बोलणार!

या रविवारी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचे साहेब रिपीटरची चाचणी घेणार होते. आवाज पोचला तर यंदाच्या पूर आराखड्यात रिपीटरचं नाव लागणार होतं. नाही पोचला तर देवस्थानच्या पंचांना खोली यात्रेच्या सामानाला हवीच होती. म्हणजे पावसाळ्यात अक्काचं गाव पुन्हा मुकं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. डोंगरावरून सुभेदार आकाराम मोहिते बोलत होते. लष्कराच्या सिग्नल्समध्ये हयात घालवलेला माणूस, पण आज 'हॅलो'ही न म्हणता सुरू झाले.

"बाई, घात झाला. आपलं डबं गेलं. साहीच्या साही."

२

एकाच अँटेनाने ऐकायचं आणि त्याच वेळी ओरडायचं, तर स्वतःच्याच ओरडण्याने कान बधिर होणार. तसं होऊ नये म्हणून मधे डबे लागतात. ऐकायचा आवाज एकीकडे, बोलायचा दुसरीकडे, अशी वाटणी ते करतात. आकारामांनी ते तांब्याच्या जाड नळीचे, हाताने बनवले होते. प्रत्येकाच्या झाकणातून एक दांडी आत गेलेली, ती केसभर वरखाली करत सूर जुळवायचा. एका उसाच्या हंगामात त्यांनी फडाकडे कमी आणि डब्यांकडे जास्त पाहिलं होतं, असं त्यांच्या घरच्या सांगत.

विट्याच्या स्टँडवरून सुभेदारांच्या जीपमधून बाई दुपारी डोंगरावर पोचल्या. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चार. एक आकारामांच्या करगोट्याला, एक विट्याच्या ऋषिराजकडे, एक सांगलीच्या आर्जवकडे, दोघेही याच हॅम मंडळींतले. चौथी देवळात घंटेमागच्या खिळ्याला.

खोलीत बाई दारातच उभ्या राहिल्या. शाळेतली सवय, हात लावायच्या आधी डोळे लावायचे. बॅटऱ्या जागेवर होत्या. सेट जागेवर होता. तांब्याची लांबलचक अर्थिंगची पट्टी भिंतीवर तशीच. फक्त लाकडी फळीवर सहा काळपट गोल डाग उरले होते.

"फ्यूज कुठाय?" बाईंनी विचारलं.

सुभेदारांनी दिवळीतली चहापत्तीची जुनी डबी उघडली. फ्यूज त्यात. डबे फळीला धरून ठेवणारे कानवाले नटही त्यातच.

"मी दरसाल सफाईला इथंच ठेवतो," सुभेदार हळूच म्हणाले. "चोरानं बी इथंच ठेवलंय."

आणि केबली! डबे काढल्यावर मोकळ्या झालेल्या प्रत्येक केबलच्या तोंडाला प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधला होता. मुंग्या शिरू नयेत म्हणून बांधतात तसा. गेल्या वर्षी वीज पडून जळालेली एक केबल कोपऱ्यात लोंबत होती, दोन्हीकडून तोडलेली. 'कशाला तरी हुईल' म्हणून सुभेदारांनी टाकली नव्हती. तिच्याही तोंडाला तुकडा बांधला होता. बाईंनी तो सोडून पाहिला. आतून बोटाला पिवळं लागलं.

बाईंच्या मनात काहीतरी खुटखुटलं. पण सुभेदार बोलू लागले आणि ते खुटखुटणं मागे पडलं.

"बाई, फ्यूज काढून, तोंडं बांधून चोरी करणारा चोर बघितलाय तुमी? ह्यो आपल्यातलाच हाय. कुंपणानंच शेत खाल्लंय."

३

आपल्यातले म्हणजे कोण? सुभेदारांच्या तोंडी आधी आर्जवचं नाव आलं. सांगलीत त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. जुना रिपीटर काढून नवा डिजिटल बसवू, म्हणून तो वर्षभर मागे लागला होता.

बाईंनी देवळाच्या पायरीवर बसून त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"गेले? बरं झालं!" आर्जव म्हणाला. त्याच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. "म्हणजे वाईट झालं हो बाई, पण किती दिवस ते डबडं वापरायचं? नवा सेट यायला मात्र महिना लागेल. रविवारचं काय करायचं?"

"काल कुठं होतास?"

"काल? बाई, काल तुम्हीच माझ्या हातून उसाचा रस प्यायलात की! दोन पेले!"

खरंच की. काल अक्षयतृतीया. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आर्जव रस वाटत होता, अंगरखा चिकट होईस्तोवर. त्या गडबडीत काल सकाळच्या हजेरीनंतर रिपीटरवर कुणी बोललंही नव्हतं. बाईंनी फोन ठेवला.

घसा सुकला होता. गाभाऱ्याबाहेर पाण्याचा हंडा, त्यावर तांब्या. देवळाची झाडलोट करणारी बनुबाई एरवी स्वतः पाणी द्यायची, पण ती यात्रेसाठी लेकीला आणायला काल जतला गेली होती. बाईंनीच पाणी ओतून घेतलं. तांब्या आतून चांदण्यासारखा पांढराशुभ्र होता. परत निघताना आवारातल्या विझक्या कोळशांचं काळं वर्तुळ त्यांनी साडी सावरून ओलांडलं. यात्रा जवळ आली की कुणी ना कुणी चूल मांडतंच.

डोंगराच्या पायथ्याशी भाऊसोचं नारळ-भंडाऱ्याचं दुकान. वर जाणारा प्रत्येक जण त्याच्या नजरेखालून जातो.

"काल कोण कोण गेलं वर?" सुभेदारांनी विचारलं.

"आवं, नेहमीचीच माणसं. एक त्येवढं विट्याचं गलाईवाल्यांचं पोरगं आलं हुतं सकाळी. लय घाईत. मी हाक मारली तर थांबलं बी न्हाई."

सुभेदारांचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. विट्याकडची किती घरं त्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. ऋषिराजचा बापही कोइमतूरला. पोरगा मात्र रेडिओच्या नादाने इथेच काकाच्या दुकानात राहिला होता.

"गाळायची भट्टी त्येच्या घरात," सुभेदार दात आवळून म्हणाले. "तांबं एकदा इतळलं की कुणाचं म्हणून वळखायचं?"

४

ऋषिराज काकाच्या दुकानात मुशीपुढे बसला होता. सुभेदारांना पाहताच उठून उभा राहिला आणि टेबलावरची एक वस्तू चटकन हाताखाली झाकली. बाईंनी हात पुढे केला. पोरगा शाळेत त्यांच्या हाताखाली नव्हता, पण त्या हातापुढे कुणीही वस्तू काढून देई.

पुठ्ठ्याचं कापलेलं एक गोल कडं होतं. सुभेदारांनी ते पाहिलं आणि डोळे मिटले. डब्याच्या तोंडाचं माप त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार?

"माप घेऊन गेलास व्हय रं? तुला मी हाताला धरून सोल्डरिंग शिकवलं. ह्येच्यासाठी?"

"काल सकाळी मी गेलो होतो," ऋषिराज म्हणाला. "डबे तिथंच होते. मी फक्त माप घेतलं."

"कशाला?"

पोरगा मुशीकडे पाहू लागला. भट्टीपाशी बसलेल्या काकाने मान खाली घातली. आपल्या घरावर चोरीचा आळ, तोही भर दुकानात. गलाईवाल्याची सगळी इमारत विश्वासावर उभी असते. लोक गळ्यातलं सोनं काढून हातात देतात.

"बोल रे बाबा," पद्मावतीबाई म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात संशय होता आणि तो पोराला ऐकू आला.

"चांदी चढवायची होती," शेवटी तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सफाईच्या वेळी सुभेदारबापूच म्हणाले होते, डबे आतनं काळे पडलेत, चकचकीत केले की आवाज किती लांब जाईल! मला वाटलं, चाचणी झाली की एकेक आणून आतून चांदीचा मुलामा देऊ. बापूंना न सांगता. म्हणून बोललो नाही."

"गोष्ट चांगली रचलीस," सुभेदार म्हणाले. "आता ठाण्यात सांग."

वातावरण एवढं तापलं असताना आतून काकू पाणी घेऊन आल्या. आल्यागेल्याला पाणी, मग भांडण असो की लग्न. बाईंपुढे तांब्या धरून त्या ओशाळल्या.

"आतनं काळा पडलाय, बाई, राग नका मानू. कल्हईवाला अजून आला न्हाई. यात्रंच्या आधी शिदोबाची भांडी झाल्याबिगर त्यो खाली कुणाच्या भांड्याला हात लावत न्हाई. तशी रीतच हाय."

बाईंनी त्या काळ्या तांब्यात पाहिलं. मग डोळ्यांपुढे दुसरा तांब्या आला, पांढराशुभ्र. त्यामागोमाग कोळशांचं काळं वर्तुळ, बोटाला लागलेलं पिवळं, आणि ती कोपऱ्यातली जळकी केबल. दुपारपासून खुटखुटणारं सगळं एकदम जागेवर बसलं.

पाणी तसंच ठेवून त्या उठल्या.

"सुभेदार, जीप काढा. ऋषी, तूही चल. ठाण्यात नाही. कल्हईवाल्याकडे!"

५

जीप धुरळा उडवत निघाली. सुभेदारांना गाडी चालवण्यावाचून दुसरं काही कळत नव्हतं.

"आपण सगळे एकच म्हणत होतो," बाई मागे वळून बोलू लागल्या, "फ्यूज डबीत ठेवणारा, तोंडं बांधणारा म्हणजे जाणकार. पण जाणकार जळक्या केबलचं तोंड कशाला बांधेल? ती कशालाच जोडलेली नाही. ऋषी बांधणार नाही, आर्जव बांधणार नाही, तुम्ही तर नाहीच. तिचं तोंड तोच बांधेल, ज्याने तुमचे हात वर्षानुवर्षं पाहिलेत, पण ते हात तसं का करतात हे ज्याला कुणी सांगितलं नाही."

सुभेदारांचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला.

"प्लॅस्टिकला आतून भंडारा लागला होता. ते देवळातल्या भंडाऱ्याच्या पुड्यांचे तुकडे. चौथी किल्ली देवळात. आपण तीन माणसं मोजली आणि देवाच्या किल्लीला विसरलो. तुम्ही सफाई करता तेव्हा खोलीत झाडू मारायला कोण असतं?"

"बनुबाई," सुभेदार पुटपुटले. "पर ती कशापायी..."

"डबे आतून काळे पडलेत, चकचकीत केले की आवाज लांब जाईल, हे तुमचं वाक्य ऋषीने ऐकलं तसं तिनेही ऐकलं असेल. ऋषीच्या घरात चांदी, म्हणून त्याला चांदी सुचली. तिच्या देवळात यात्रेआधी कल्हई, तिला कल्हई सुचली. देवळातला तांब्या पांढराशुभ्र, आवारात भट्टीचे कोळसे, म्हणजे कल्हईवाला वर येऊन गेलाय. गोल, तांब्याचं, आतून काळं. भांडं नाही तर काय ते?"

"पर कथिल लागलं तर सुधारायचं सोडून बिघडंल की!" सुभेदार ओरडले आणि जीपने उडी घेतली. तांब्यावरून लहरी जशा सरसर धावतात तशा कथिलावरून धावत नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

डोंगराखालच्या गावात, पिंपळापाशी, पप्पू कल्हईवाल्याचा भाता फसफसत होता. नवसागराचा पांढरा धूर दुरूनच दिसला. ओळीने मांडलेले डबे, झाकणं निघालेली, दांड्या एका घमेल्यात. एक डबा आतून लख्ख पांढरा होऊन पालथा पडला होता. दुसरा सांडशीत होता आणि सांडशी निखाऱ्यांकडे निघाली होती.

"थांब!" तिघंही एकदमच ओरडले.

पप्पूची सांडशी हवेतच राहिली.

"देवळाचीच भांडी की ही," तो बावरून म्हणाला. "कथिल सरलं म्हणून काल राहिली, आज घेतली. बनुमावशीनं दिल्यात. म्हणाली, ही लय जपून कर."

तेवढ्यात जतची एसटी आली आणि त्यातून बनुबाईच उतरली, मागे लेक, कडेवर नातू. डबे, जीप आणि सुभेदारांचं तोंड पाहून ती जागीच थबकली.

"काय झालं, बापू? चुकलं काय माजं?"

मग बाईंनीच शांतपणे सांगितलं. बनुबाई ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मला वाटलं, तुमी परत यायच्या आत चकाचक करून ठिवावं," ती म्हणाली. "रस्ता वाहून गेला त्या पावसात ही पोरगी वर अडली हुती, पोट दुखून. बापूनं त्या यंत्रात बोलून गाडी बोलावली. ह्यो नातू त्या यंत्रामुळंच हाय. देवाच्या भांड्यासंगं त्येचीबी सेवा करावी म्हणलं. आन मीच त्येचं नरडं दाबलं व्हय?"

ती पदरात तोंड घालून रडू लागली. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. मग त्यांनी तिच्या नातवाला उचलून घेतलं.

"तुमचं न्हाई चुकलं, बनुबाई. यवढी सालं तुमच्यासमोर काम केलं, पर ह्ये काय हाय ते एकदाबी सांगितलं न्हाई. चूक माजी हाय."

पद्मावतीबाई ऋषिराजकडे वळल्या. "क्षमा मागायचं पर्युषण अजून लांब आहे, पण मला तेवढं थांबवत नाही. उत्तम क्षमा, बाळ. मी तुझ्यावर संशय घेतला."

ऋषिराजने डोळे पुसले आणि पांढरा डबा उचलून उजेडात धरला.

"बाई, कथिल उतरवता येतं," तो म्हणाला. "आमचा धंदाच तो आहे. नको तो धातू काढायचा, हवा तो ठेवायचा."

६

शनिवारी विट्याच्या दुकानात कुणाचंही सोनं गाळलं गेलं नाही. काकाने स्वतः दार लोटून घेतलं. डब्यावरचं कथिल उतरवलं, तांबं उघडं केलं आणि मुलाम्याला चांदी हवी म्हटल्यावर ऋषिराजने मनगटातलं चांदीचं कडं काढून मुशीत टाकलं. "बापाला काय सांगशील?" काका म्हणाला. "सांगेन, डोंगराला दिलं," पोरगा म्हणाला. सुभेदार दाराशी उभे होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

मग डोंगरावर दांड्या पुन्हा बसवणं. केसभर वर, केसभर खाली. आर्जव सांगलीहून मोजणीचं छोटं यंत्र घेऊन धावत आला होता. सूर्य कलला तसा, रात्री न जेवण्याच्या नेमाने, त्याने जेवणाचा डबा उघडून सगळ्यांआधी जेवून घेतलं आणि पुन्हा आकड्यांवर डोळे लावले. नव्या सेटचं नावही त्याने काढलं नाही. उलट चांदीच्या डब्याचा आकडा पाहून म्हणाला, "च्यायला, बाकीचे पाचही असेच करूया!" बनुबाई केबल धरून शेजारी उभी होती. या वेळी प्रत्येक वस्तू कशासाठी, हे सुभेदार तिला सांगत होते. जळकी केबल तिने स्वतःच गुंडाळून उकिरड्यावर नेली.

रविवारी सकाळी पद्मावतीबाई सांगलीत आपत्ती कक्षात सेटपुढे बसल्या. शेजारी साहेब. आर्जव पहाटेच चंदनाअक्काच्या गावी गेला होता, हातातला सेट घेऊन. बाईंनी बटण दाबून हाक दिली आणि सोडलं.

'टुक्.'

पाठोपाठ आर्जवचा आवाज आला, नदीचा घाट दिसावा इतका स्पष्ट. साहेबांनी मान डोलावली आणि पेन उघडलं. आर्जव म्हणाला, "बाई, इथं अक्का ऐकत नाहीत. मी बटण धरतोय, त्यांना बोलायचंच आहे." क्षणभर खरखर झाली, मग अक्का बोलली, लांबच्या माणसाशी बोलताना ओरडतात तशी.

"पद्मे, ऐकू येतंय का गं?"

"येतंय, अक्का. अगदी शेजारी बसल्यासारखं येतंय."

"मग आता येऊ दे पाऊस," अक्का म्हणाली.

हजेरी अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि पुढचं नाव घेतलं.

"शिदोबाचा डोंगर. कोण कोण आहे?"

"सुभेदार हाय, ऋषी हाय," डोंगरावरून उत्तर आलं. मागून बनुबाईचा आवाज ऐकू आला, आणि सुभेदार हसत म्हणाले, "आन बनुबाई म्हणत्यात, त्येंचंबी नाव घ्या."